देवासचं गाणं आणि एक विलायती कादंबरी

इंदूरहून देवास जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं तिथे जातात ती माताजीच्या टेकरीसाठी. वर चढायचं, बडी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा यांचं दर्शन घ्यायचं, खाली पसरलेलं गाव बघायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं. पण घरात कोणी कथा लिहिणारं असेल, कानात इअरफोन घातल्याशिवाय ज्याला ओळ सुचत नाही असं कोणी असेल, तर त्याला एकदा मुद्दाम देवासला न्यावं. गाण्यातून कथा कशी उगवते, याचा एक चांगला धडा या गावात आहे.

देवास हे पवारांचं गाव. दोन भावांच्या वंशजांची दोन राज्यं एकाच गावात नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यातल्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव (तिसरे) यांच्याकडे १९२१ मध्ये काही महिने एक इंग्रज गृहस्थ खासगी सचिव होते. त्यांचं नाव ई. एम. फॉर्स्टर. 'हॉवर्ड्स एंड' ही त्यांची कादंबरी १९१० मध्ये येऊन गेली होती, नावही झालं होतं. हिंदुस्थानावर एक कादंबरी त्यांनी १९१३ च्या सुमारास लिहायला घेतली होती, पण ती अडली होती. ती सुरुवातीची प्रकरणं त्यांनी देवासला बरोबर आणली. इथे आल्यावर त्यांना ती कोमेजल्यासारखी वाटू लागली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. देवासात कादंबरी पुढे सरकली नाही.

पण त्यांचे कान उघडे होते. त्या ऑगस्टमध्ये जुन्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव झाला, चांगला आठ दिवसांचा. महाराज स्वतः भजनात रंगून देवापुढे नाचत. टाळ, मृदंग, बँड आणि विजेच्या दिव्यांसाठी धडधडणारं इंजिन, हे सगळं एकाच वेळी चालू. अष्टमीला कृष्णजन्म, शेवटी मिरवणूक आणि मातीच्या गोकुळाचं तळ्यात विसर्जन. फॉर्स्टर अनवाणी त्या गर्दीत होते. गोंगाटाने ते बेजार झाले, अनेक गोष्टी त्यांना कळल्या नाहीत आणि तसं त्यांनी प्रांजळपणे लिहिलंही. जे ऐकलं, पाहिलं ते पत्रांतून विलायतेला कळवत राहिले. ही पत्रं पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. नावातली टेकडी म्हणजे आपली माताजीची टेकरीच.

विलायतेला परतल्यावर त्यांनी अडलेली कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि १९२४ मध्ये 'अ पॅसेज टु इंडिया' प्रसिद्ध झाली. तिच्यातली चहापानाची बैठक पाहा. नारायण गोडबोले नावाचे दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापक अचानक गाऊ लागतात. गोपी कृष्णाला विनवते, ये, आणि तो येत नाही. जमलेल्या साहेबलोकांना काही उमगत नाही, पण बाहेर तळ्यात शिंगाडे काढणारा माणूस आनंदाने ऐकत उभा राहतो. दुसऱ्या भागात लेणी आहेत. तिथे कोणी काहीही बोललं तरी भिंतींवरून एकच पोकळ आवाज परत येतो. आणि तिसऱ्या भागात, मऊ नावाच्या कल्पित संस्थानात, तेच गोडबोले तुकारामांचं नाव घेत कीर्तनात उभे असतात आणि मध्यरात्री कृष्ण जन्माला येतो. पहिल्या भागातल्या हाकेला तिसऱ्या भागात ओ मिळते. देवासच्या राजवाड्यातला तो सगळा गलबला इथे आला आहे, इंजिनाच्या धडधडीसकट.

म्हणजे फॉर्स्टरना गाण्याने 'मूड' दिला नाही, कादंबरीचा सांगाडा दिला. १९२७ च्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या व्याख्यानांत त्यांनी याला लय म्हटलं. उदाहरण दिलं ते मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीतल्या एका छोट्या सुरावटीचं. ती अधूनमधून येते, नाहीशी होते, आणि दर वेळी ऐकणारा बदललेला असल्यामुळे तिचा अर्थही बदलतो. आपल्याला हे समजायला सोपं आहे. अभंगाचं ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर तेच असतं, तरी शेवटच्या वेळी ते पहिल्यासारखं लागत नाही.

याच गावात दुसरी गोष्ट घडली ती १९४८ नंतर. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन माळव्याची कोरडी हवा घ्यायला देवासला आले. योगायोग असा, की त्यांचा जन्मही १९२४ चा. डॉक्टरांनी गाण्याला मनाई केली. सुमारे पाच वर्षं या गायकाला फक्त ऐकता येत होतं: बायकांची माळवी गाणी, फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजनं. पुढे त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले, 'अनूपरागविलास'मध्ये बंदिशी दिल्या. टेकरीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घराचं नाव भानुकुल.

एकाचं लिहिणं अडलं होतं, दुसऱ्याचं गाणं थांबलं होतं. दोघांनीही त्या काळात मन लावून ऐकलं, आणि काम त्यानंतर झालं. लिहिताना कानात गाणं चालू ठेवलं की गाण्याचे शब्द आपल्या शब्दांना धक्के मारतात आणि गाण्यातली उदासी आपल्याच परिच्छेदात उतरली आहे असा भास होतो. गाणं बंद केल्यावर परिच्छेद कोरडाच निघतो. त्यापेक्षा आधी ऐकावं. कुमारजींची एक मध्यलयीतली बंदिश घ्या. मुखडा कुठे परत येतो आणि येताना काय बदलून आणतो, तेवढंच बघा. मग ती बंद करा आणि लिहा. आपल्या कथेत एखादा आवाज, शेजारच्या घरातली शिट्टी किंवा आजीची काठी, तीन ठिकाणी येऊ द्या. तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्याचा अर्थ निराळा झाला पाहिजे.

देवासला जाल तेव्हा टेकरीवरून उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. फोन खिशात ठेवून अर्धा तास पायथ्याशी थांबा. नगारा, घंटा, फुलवाल्यांची हाळी, लाउडस्पीकर, पलीकडच्या रस्त्यावरचे हॉर्न, काहीच वगळू नका. रात्री घरी आल्यावर कथा लिहायची घाई नको. जे ऐकलं ते लांबच्या कोणाला तरी, बेळगावच्या मावशीला किंवा बडोद्याच्या मित्राला, पत्रात सविस्तर कळवा. न समजलेलंही लिहा. ते पत्र जपून ठेवा. कथा लिहाल तेव्हा ते उपयोगी पडेल.