काळा डाग आणि हलणारे शिंग

शरीरातील पेशींची वाढ ताब्याबाहेर जाऊन जी गाठ तयार होते तिला विकृतिशास्त्रात अर्बुद म्हणतात, आणि ते साधे आहे की मारक, याचा निवाडा अखेर सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. हे शास्त्र शिकवणारी दोन महाविद्यालये जबलपुरात आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये आणि वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले. माणसाच्या व जनावराच्या अर्बुदांचा अभ्यास शेजारी शेजारी व्हावा, यासाठी इतकी सोयीची शहरे फार नाहीत.

मेलॅनोमा हा मेलॅनिन नावाचे काळसर रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्याचा संबंध मुख्यतः उन्हाशी असतो. भारतात त्याचे प्रमाण बरेच कमी असले, तरी जेव्हा तो होतो तेव्हा तळपाय, नखाखालची जागा, तोंडाचे किंवा गुदमार्गाचे अस्तर अशा ऊन न पोहोचणाऱ्या ठिकाणी तो वारंवार आढळतो. तळपायावरचा डाग कुरूप समजून ब्लेडने तासला जातो, आणि निदान लांबते.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून, त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात, आणि ते रंगवल्यावर पेशींची केंद्रके निळसर व उरलेला भाग गुलाबी दिसतो. मेलॅनोमात मात्र मेलॅनिनचे तपकिरी कण कधीकधी इतके दाट असतात की केंद्रकेच झाकली जातात. अशा वेळी दुसरा काप पोटॅशियम परमँगनेट व ऑक्झॅलिक आम्लाने विरंजित करून, म्हणजे त्यातला रंग घालवून, पुन्हा पाहावा लागतो. अर्बुद त्वचेत किती खोल उतरले आहे हे मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. एक मिलिमीटरपर्यंतचे अर्बुद वेळेत काढल्यास रुग्ण बहुधा वाचतो, तर चार मिलिमीटरच्या पुढे धोका फार वाढतो.

पशुवैद्यकाच्या टेबलावर येणारा शिंगाचा कर्करोग हा देशी गोवंशाचा, त्यातही खच्ची केलेल्या बैलांचा, ठळक आजार आहे. बैल डोके झटकतो, शिंग एका बाजूला झुकून हलू लागते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. कारण अर्बुद शिंगाच्या टणक आवरणात नव्हे, तर आतल्या हाडाच्या पोकळीच्या अस्तरात सुरू होते आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीशी जोडलेली असते. जुवाचा घासा, शिंगे तासणे व रंगवणे, हार्मोनमधील बदल अशी कारणे सुचवली गेली आहेत, पण एकही निर्णायक ठरलेले नाही.

तुलनेचा लाभ कुत्र्याच्या तोंडातील मेलॅनोमात सर्वांत स्पष्ट दिसतो. माणसाच्या त्वचेच्या मेलॅनोमांपैकी सुमारे निम्म्यांत ब्राफ या जनुकात बदल आढळतो, हे २००२ पासून ठाऊक आहे आणि त्यावर नेमकी औषधेही निघाली. परंतु माणसाच्या तोंडातील मेलॅनोमात हा बदल क्वचितच सापडतो आणि कुत्र्यातही तो विरळाच असतो. म्हणून उन्हाशी संबंध नसलेल्या ज्या प्रकारावर उपचार अजून तोकडे आहेत, तो समजून घेण्यास कुत्र्यातील आजार उपयोगी पडतो.

हा अभ्यास काढलेली गाठ प्रयोगशाळेत पोहोचली तरच होऊ शकतो. तळपायावर किंवा तोंडात नवा काळा डाग दिसला, जुना वाढू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर तो तासू नये, जाळू नये, डॉक्टरांना दाखवावा. बैलाचे शिंग हलू लागल्यास पशुवैद्यकाला लगेच बोलवावे. आणि काढलेली कोणतीही गाठ फेकून न देता तपासणीला पाठवण्याचा आग्रह रुग्णाच्या घरच्यांनी व पशुपालकांनी धरावा.