नांदगावची सहीची पेटी

भुसावळकडून मनमाडकडे येणाऱ्या गाडीत तुम्ही बसलात, की चाळीसगाव सुटल्यावर खिडकीबाहेरचा रंग बदलतो. जळगावकडच्या केळीच्या बागा केव्हाच मागे पडलेल्या असतात. माळ, मुरूम, मधूनच एखादा हिरवा तुकडा, असं करीत नायडोंगरी येतं आणि मग नांदगाव. मनमाड इथून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बरेच उतारू इथं आपली बोचकी आवरू लागतात आणि गावाकडे बघतही नाहीत. तुम्ही मात्र एकदा उतरा.

हे स्थानक एके काळी मोठ्या मानाचं होतं. वेरूळची लेणी बघायला येणारे साहेबलोक आगगाडीनं नांदगावला उतरत आणि पुढची मजल टांग्यानं मारीत. 1900 साली मनमाडहून तेव्हाच्या औरंगाबादकडे निजामाची रेल्वे सुरू झाली आणि ती वर्दळ तिकडे वळली. तालुका कमी पावसाचा. गिरणा धरण याच तालुक्यात, पांझणजवळ. 1969 साली ते पुरं झालं, पण पाण्याचा मोठा वाटा खाली जळगाव जिल्ह्याकडे जातो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मी गेलो होतो कांद्याची चाळ बघायला. आमचे एक सोयरे नांदगावपासून थोड्या अंतरावर मळ्यात राहतात. चाळ बघून झाली, चहा झाला, आणि धाकट्या भावानं हळूच विचारलं, “भाऊ, तुम्ही चार गावं हिंडता. आमचा एक वाद आहे, तेवढा तोडून द्या.”

वाद पेटीचा होता. पेटी म्हणजे आपली भजनाची हार्मोनियम. यांचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. साठेक वर्षांपूर्वी नांदगावात एका नामवंत गायकाचा कार्यक्रम होता. बरोबर आणलेली पेटी प्रवासात दुखावली, तेव्हा यांच्या वडिलांची पेटी मागून नेली. गाणं रंगलं. पहाटेच्या गाडीला निघताना गायकानं स्थानकावरच्या बाबूकडून पेन्सिल घेतली आणि पेटीच्या वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, सही केली. गायकाचं नाव मी लिहीत नाही. “नाव छापलं तर उद्या कुणी मोटार घेऊन दारात उभं राहील,” असं थोरले म्हणाले. एकदा तसं कुणी येऊनही गेलं होतं. बोललेली किंमत ऐकून घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

वडील गेल्यावर थोरल्यांनी पेटी फडताळात ठेवली आणि कुलूप लावलं. धाकट्याची मुलगी पेटी शिकते. तिला ती पेटी हवी. पेटी काही नाजूक बाहुली नव्हे, वाजवायची वस्तू आहे, असं धाकट्याचं म्हणणं. थोरल्यांचं म्हणणं, पेटी बाजारात दुसरी मिळेल, सही मिळणार नाही.

तुम्ही काय सांगितलं असतं? मला तरी तिथल्या तिथं काही सुचेना. म्हटलं, आधी पेटी काढा.

फडताळ उघडलं तर कुबट वास आला. भात्याच्या घडीला उंदरानं कुरतडलेलं होतं. चार पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, दोन स्वर मुके. दोन-तीन हंगाम बंद ठेवलेलं इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होत नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं? पेटीचंही तसंच. आतल्या पितळी पत्त्यांवरून वारा खेळत राहिला तर त्या मोकळ्या राहतात. नाहीतर धूळ बसते, पावसाळ्यात लाकूड फुगतं, आतल्या कापडाला कसर लागते.

सही बघितली आणि मी चकित झालो. अक्षरं जांभळी झाली होती आणि फुटली होती. जुनी माणसं ही पेन्सिल ओळखतील. टपाल कचेरीत, रेल्वेत असायची. कोरडी लिहिली तर करडी आणि ओल लागली की जांभळी. आता कुलपात ठेवलेल्या पेटीला ओल कुठून लागली? आजी, म्हणजे या भावांची आई, उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “दर दसऱ्याला पूजा व्हती ना तिची. हळद-कुंकू वल्या बोटानंच लावते मी. सहीलाच लावते. तिच्यापायीच तर ठेवली ना पेटी?”

थोरले काही बोलले नाहीत. मायेनंच झालेली गोष्ट, दोष कुणाला द्यायचा? वाजवून वाजवून जेवढी झिजली नव्हती तेवढी सही जपून जपून गेली होती.

तरी थोरल्यांचं म्हणणं खोटं नाही. भाता शिवता येतो, पट्टीखालचं कापड बदलता येतं, पत्त्या गुजरातेतल्या पालिताण्याला अजून बनतात. सही मात्र पुन्हा होत नाही. आणि वाजवताना डाव्या हातानं मागचा भाता हलवावा लागतो, तेव्हा मनगट आणि बाही नेमकी त्या कोपऱ्यावरून घासते.

मोठमोठ्या ठिकाणीही हा प्रश्न सुटलेला नाही. व्हायोलिनचा बादशहा पागानिनी याचं 1743 साली घडवलेलं व्हायोलिन त्यानं इटलीतल्या जिनोव्हा शहराला देऊन टाकलं. तो 1840 साली वारला. शहर ते वाद्य बंदोबस्तात ठेवतं, पण निवडक वादकांच्या हाती देऊन वाजवूनही घेतं. उलट इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहालयात स्त्रादिवारी या कारागिराचं 1716 सालचं व्हायोलिन आहे. ते जवळजवळ नव्यासारखं राहिलं, कारण ते फारसं वाजलंच नाही, आणि आजही काचेत आहे. आपल्या पुण्यात केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचं दालन आहे. ती बघून डोळे निवतात, कान मात्र उपाशी राहतात. मिरजेला मात्र वाद्यं घडवणारे अजून बसलेले आहेत. त्यांच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या शेतकऱ्याच्या रानातून येतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाजवणारं गिऱ्हाईक नसतं तर हा धंदा कशावर टिकला असता?

पेटीची तर आणखी गंमत. मूळची ती 1840 च्या सुमाराची, पॅरिसची. आपल्याकडे येऊन ती मांडीपुढे बसली. तिचे स्वर ठाशीव, मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीनं तिला 1940 साली बाहेर काढलं, ते 1971 पर्यंत. म्हणजे त्या गायकानं सही केली तेव्हा ती पेटी रेडिओच्या दारात उभीही राहू शकत नव्हती. नांदगावच्या मांडवात मात्र तिला मान होता.

शेवटी मी एवढं सांगितलं. भाता शिवून घ्या, पण कारागिराला आधीच बजावा की वरच्या फळीला पॉलिश नाही, ओलं फडकं नाही, चिकटपट्टी तर मुळीच नाही. सहीचा चांगला फोटो काढून ठेवा. ती कुणाची, कधीची, कोण कोण हजर होतं, हे आजीकडून आजच लिहून घ्या. आणखी वीस वर्षांनी ती नुसती जांभळी रेघ दिसेल आणि सांगायला कुणी नसेल. दसऱ्याचं हळद-कुंकू खोक्याला लावा. आणि पोरीला आठवड्यातून दोन-तीनदा तरी वाजवू द्या. घासणाऱ्या मनगटावर मात्र माझ्यापाशी उतारा नव्हता. वर काच बसवा म्हणालो, तर धाकटा म्हणाला की खिळे ठोकायचे कुठं? बरोबरच होतं त्याचं.

पुढं दोन महिन्यांनी एकादशीला मी पुन्हा गेलो. मुद्दामच गेलो. मळ्याशेजारच्या देवळात भजन बसलं होतं. पेटी मधोमध, पुढं धाकट्याची मुलगी. एक स्वर अजून जरा बसका होता. तिची दोन्ही बोटं पट्ट्यांवर मोकळी फिरत होती, डावा हात भात्याकडे जातच नव्हता. मला आधी कळेना. मग दिसलं, पेटीच्या पलीकडच्या बाजूला, तिच्या समोर मांडी घालून थोरले बसले होते आणि तेच भाता मारीत होते. ताल चुकला की पोरगी भुवया उंचावून बघायची, आणि ते निमूटपणे हात सावरून घ्यायचे.