बुटकी रानम्हैस

विद्यार्थ्यांनो, येलदरी धरणाच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी तुम्ही पाहिल्या असतील. फिलिपाईन्स देशातील मिंडोरो बेटावर त्यांची एक बुटकी रानबहीण राहते. तिचे नाव तामाराव.

तिची खांद्यापाशी उंची साधारण एक मीटर. मी वर्गाच्या भिंतीवर तेवढी खूण केली, तेव्हा मुले हसली. "सर, हे तर रेडकू!" मी म्हणालो, आता वजन ऐका. दोनशे ते तीनशे किलो, म्हणजे ज्वारीची भरलेली दोन-तीन पोती! आपल्या मराठवाडी म्हशीची शिंगे खांद्यापर्यंत जातात. हिची मात्र आखूड, उर्दूतील सातच्या आकड्यासारखी. चिडली तर ती अंगावर धावून येते.

१९०० च्या सुमारास बेटावर अंदाजे दहा हजार तामाराव होत्या. १९३० नंतर पाळीव गुरांची बुळकांडी त्यांना लागली. शिकार झाली, जंगलही तुटले. १९६९ मध्ये शंभरही उरल्या नव्हत्या. आज काही शे आहेत, आणि जगात दुसरीकडे रानात एकही नाही. बुळकांडी मात्र २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

आपल्या गडचिरोलीतही कोलामार्काच्या जंगलात मोजकेच रानरेडे उरले आहेत. तो रेडा तामारावच्या तिपटीने जड; पण गावच्या म्हशींचा रोग त्यालाही लागू शकतो.