नर कोणता, मादी कोणती?

नाताळ जवळ आला की वसईच्या परसांतील बदकांकडे घरातल्या नजरा वळू लागतात. कोणते राखायचे आणि कोणते द्यायचे, हा त्या दिवसांतील प्रश्न. मस्कोव्ही जातीच्या कोवळ्या बदकांपुढे तर भलेभले चकतात.

नावात मॉस्को डोकावत असले, तरी या बदकाचे मूळ घर रशिया नव्हे. ते मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशातले. कोलंबस पोहोचण्यापूर्वीच तिथल्या मूळ रहिवाशांनी ते माणसाळवले होते. आपल्या नेहमीच्या बदकाहून ते जातीनेच निराळे. नेहमीच्या बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात, याची सुमारे ३५ दिवस घेतात. तिकडे वयात आलेल्या नराच्या शेपटीवर वळलेले पीस असते आणि मादी मोठ्याने ओरडते. इकडे नराला ते पीस नसते आणि मादीचाही गलका नसतो. जुन्या खुणा शोधणारा म्हणूनच फसतो.

मग ओळखावे कसे? एका दिवसाच्या पिल्लाचे शेपटीखालील द्वार हलकेच उघडून जाणकार लिंग सांगतो. नवख्या हाताने मात्र पिल्लाला इजा होते. इतरांनी थांबावे आणि एकाच वेळी उबलेली पिल्ले शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. नराचे पाय जाड, पंजे रुंद, डोके मोठे. मादी लहानखुरी. तिसऱ्या महिन्यात हा फरक सहज नजरेत भरतो. पुढे आवाजही साक्ष देतो: नर घोगरा फुत्कार टाकतो, मादी बारीक, कंप पावणारा स्वर काढते. चेहऱ्यावरील लाल मांसल गाठी नराला अधिक, पण त्या उशिरा वाढतात. एका खुणेवर निकाल देऊ नये. साऱ्या खुणा जुळल्या की मगच बोलावे.

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीने नऊ पिल्ले वाढविली होती. ती दीड महिन्याची होतात न होतात तोच एक व्यापारी दाराशी आला. म्हणाला, "बाय, बारकी मला द्या. मोठी तुम्ही ठेवा, नाताळात भाव येईल." बोलणे गोड होते, पण बारकी म्हणजे बहुधा माद्या! तिने मला विचारले, "फादर, काय करू?" मी म्हटले, "आणखी सहा आठवडे थांबा."

थांबणे तिला स्वस्त नव्हते. नऊ तोंडांना रोज कोंडा आणि कणी हवी. घरातला साठा संपला, तेव्हा शेजारणीने आपल्यातला कोंडा दिला. तीन महिने भरले आणि चित्र स्पष्ट झाले: पाच नर, चार माद्या. बारक्यांत गणलेले एक पिल्लू तर नर निघाले. तिने चार नर विकले आणि एक राखला. चार-पाच माद्यांना एक नर पुरतो. नर वाढले की आपसात भांडतात आणि माद्यांना जखमी करतात. राखलेल्या माद्या पुढे स्वतःच अंड्यांवर बसल्या. त्या आधीच गेल्या असत्या, तर नाताळचे पैसे हाती आले असते, पण पुढच्या वर्षी परस रिकामे राहिले असते.

खुणा सांगणे सोपे असते. त्या उमटेपर्यंत थांबण्याची ऐपत मात्र प्रत्येकाजवळ नसते, आणि घाईचा तोटा नेमका अशांनाच सोसावा लागतो. त्या घरी माझ्या सल्ल्याहून शेजारणीचा कोंडा अधिक उपयोगी पडला.