नकाशात नसलेल्या देशाची सहल

मित्रांनो, आज आपण सिल्दाव्हियाला जाणार आहोत. पासपोर्ट नको, तिकीट नको. फक्त ॲटलासमधलं युरोपचं पान उघडा. इटलीचा बूट सापडला? त्याच्या उजवीकडचा चिंचोळा समुद्र ओलांडा. तिथं डोंगरांनी आणि लहान लहान देशांनी गजबजलेला भाग दिसतो ना, तो बाल्कन. सिल्दाव्हिया तिथंच कुठंतरी आहे. पण सापडत नाही म्हणून ॲटलासवर रागावू नका. हा देश एका चित्रकाराच्या डोक्यातून निघाला आणि कागदावरच राहिला.

चित्रकाराचं नाव जॉर्ज रेमी, राहणार ब्रसेल्स, बेल्जियम. नाव-आडनावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली आणि फ्रेंच उच्चाराप्रमाणे झाले ‘एर्जे’. कपाळावर केसांचा तुरा असलेला टिनटिन आणि त्याचा पांढरा कुत्रा स्नोई तुमच्या ओळखीचे असतील. ते या एर्जे यांचेच. टिनटिनचा जन्मही, बरं का, तुमच्या हातात आत्ता आहे तसल्याच पानांवर झाला. एका दैनिकाबरोबर दर गुरुवारी मुलांची पुरवणी निघायची, तिच्यात १० जानेवारी १९२९ रोजी तो पहिल्यांदा दिसला. आणि त्याच पुरवणीत ४ ऑगस्ट १९३८ पासून त्याची सिल्दाव्हियाची सफर सुरू झाली. पुढे त्या गोष्टीचं नाव झालं ‘राजा ओटोकारचा राजदंड’.

गोष्टीत टिनटिन विमानात बसतो आणि वेळ घालवायला एक माहितीपत्रक वाचतो. तीन पानांचं! एर्जे यांनी ते इतकं हुबेहूब केलंय की वाटावं, एखाद्या प्रवासी कंपनीनंच छापलं असेल. त्यातून कळतं ते असं : व्लादिर आणि मोल्टस या दोन नद्यांची दोन खोरी, कडेला जंगलं आणि बर्फाचे डोंगर, नद्यांच्या संगमावर राजधानी क्लोव. देशाची लोकसंख्या ६ लाख ४२ हजार, त्यातले १ लाख २२ हजार क्लोवमध्ये. ध्वजावर काळा पाणकोळी. परदेशी पाठवायचा माल म्हणजे गहू, झऱ्याचं पाणी, जळाऊ लाकूड, घोडे आणि... व्हायोलिन वाजवणारे!

इतिहासही आहे, आणि तो चांगला पाठ्यपुस्तकासारखा सनावळीसकट. सहाव्या शतकात स्लाव्ह लोक आले. दहाव्या शतकात तुर्कांनी देश जिंकला आणि स्लाव्हांना डोंगरात हाकललं. ११२७ साली ह्वेगी नावाचा सरदार डोंगरातून उतरला, तुर्कांचा पराभव केला आणि ‘मुस्कार’ हे नाव घेऊन राजा झाला. मग ११९५ मध्ये शेजारच्या बोर्डुरियानं देश गिळला आणि १२७५ मध्ये पहिल्या ओटोकारनं तो सोडवला. पुढे १३७० साली चौथ्या ओटोकारवर एक सरदार तलवार उपसून धावून गेला. राजानं चपळाईनं बाजूला होत हातातला राजदंडच त्याच्या टाळक्यात हाणला! त्या दिवसापासून नियम झाला की राजदंड गेला तर राजानं गादी सोडायची.

इतिहासाचा एखादा कडक शिक्षक यावर लाल पेन चालवेल. ऑटोमन तुर्क बाल्कनमध्ये खऱ्याखुऱ्या जगात पाय रोवतात ते चौदाव्या शतकात. एर्जे यांनी त्यांना चारशे वर्षं आधीच बोलावलं. पण बाकीचं त्यांनी खऱ्या देशांतूनच उचललंय. ओटोकार नावाचे राजे खरोखर होऊन गेले, ते बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. पत्रकातल्या गावाच्या चित्रात मशिदीचा मिनार दिसतो, तो बोस्नियातल्यासारखा.

आणि भाषा? ती तर सगळ्यात मोठी गंमत. पाट्या रशियनसारख्या सिरिलिक लिपीत, शब्दांत ‘स्झ’ आणि ‘ह्व’ असली तोंड वेडंवाकडं करायला लावणारी अक्षरं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही स्लाव्ह भाषाच. पण ब्रसेल्समध्ये मारोल नावाची जुनी वस्ती आहे, तिथल्या बोलीतली ही वाक्यं! एर्जे यांच्या आईची आई ती बोली बोलायची. समजा, तुम्ही आजीची घरातली बोली घेतली, शब्दांच्या शेपट्या बदलल्या आणि मित्रांना सांगितलं की ही परदेशी भाषा आहे, तसंच हे. ब्रसेल्सची पोरं वाचताना किती खिदळली असतील!

त्याच पत्रकात एक मच्छीमार उभा आहे. गावाचं नाव लिहिलंय द्ब्रनूक. इथं जरा थांबू, कारण हे नाव ज्या खऱ्या गावावरून घेतलेलं दिसतं ते चुकवून चालणार नाही. क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक! तटबंदीनं वेढलेलं समुद्रकाठचं शहर. हे एकटं शहर १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षं ‘रागुसाचं प्रजासत्ताक’ म्हणून जवळजवळ स्वतंत्र जगलं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला तुर्की सुलतान, दोघंही बलाढ्य. रागुसाचे व्यापारी सुलतानाला दरवर्षी खंडणी भरायचे आणि आपली जहाजं मजेत हाकायचे. तिथल्या प्रमुखाची मुदत किती असायची, सांगा पाहू? पाच वर्षं? चूक. एक महिना! आणि त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज त्याला वाड्याबाहेर पडायलाही बंदी. कोणी गादीला चिकटून बसू नये म्हणून ही युक्ती. सत्ता मात्र मोजक्या श्रीमंत घराण्यांच्याच हाती, हेही सांगायला हवं. याच शहरानं १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. शेवटी १८०६ मध्ये नेपोलियनचं सैन्य आत शिरलं आणि १८०८ मध्ये फ्रेंच सेनापतीनं हे प्रजासत्ताक मोडीत काढलं.

आता पुन्हा क्लोवला. तिथं काय चाललंय? बोर्डुरियाचा डाव असा की राजा बाराव्या मुस्कारचा राजदंड पळवायचा. संत व्लादिमीरच्या दिवशी राजा रिकाम्या हातानं लोकांसमोर आला की गादी गेली, मग गोंधळ माजवायचा आणि सैन्य आत घुसवायचं. रेडिओ केंद्र, विमानतळ, वीजकेंद्रं ताब्यात घ्यायची, असा पुरा बेत कागदावर तयार. कटाच्या सूत्रधाराचं नाव म्युस्टलर. हे नाव सावकाश म्हणा. मुसोलिनी, हिटलर... मुस... टलर. कळलं?

ही गोष्ट सुरू होण्याच्या पाचच महिने आधी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरच्या सैन्यानं ऑस्ट्रिया घशात घातला होता. गोष्ट चालू असतानाच, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. पुढच्याच महिन्यात मुसोलिनीनं अल्बानियावर हल्ला केला आणि तिथला राजा झोग देश सोडून पळाला. म्हणजे बघा, दर गुरुवारी पोरं वाचायची की सिल्दाव्हिया वाचणार का, आणि घरातली मोठी माणसं वर्तमानपत्र उघडून पाहायची की आज कोण बुडालं. गोष्टीतला राजदंड मात्र ऐन वेळी मिळतो. तोही कुणामुळे? वाटेत टिनटिनच्या खिशातून तो पडतो, आणि तोंडातलं मोठं हाडूक टाकून स्नोई तो उचलून आणतो. कुत्र्यानं देशासाठी केलेला हा त्याग लहान समजू नका!

१० ऑगस्ट १९३९ रोजी गोष्ट संपली. तीन आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि महाभारतातल्या युद्धाइतकेच, अठरा दिवस लढून बेल्जियमच्या राजानं शरणागती दिली. त्याच्या मदतीला कुठला टिनटिन आला नाही. मुलांची ती पुरवणीही बंद पडली. मग एर्जे यांनी काय केलं? ब्रसेल्सचं एक मोठं दैनिक जर्मनांच्या ताब्यात चाललं होतं, त्यात टिनटिन छापायला दिला. सप्टेंबर १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर त्यांना त्याबद्दल अटक झाली, सुटका झाली, पण वर्तमानपत्रांत काम करायला काही काळ मनाई होती. त्या काळात सगळ्यांनाच घर चालवायचं होतं, हे खरं. पण म्युस्टलरची टिंगल करणाऱ्या हातांनी हे करावं, याची बोच वाचकाला लागते. आईबाबांशी याबद्दल जरूर बोला. दोघांची मतं वेगळी निघतील कदाचित.

सिल्दाव्हिया मात्र पुढेही भेटत राहिला. १९५० मध्ये सुरू झालेल्या गोष्टीत तिथल्या डोंगरात युरेनियम सापडतं आणि लाल-पांढऱ्या चौकटींचं रॉकेट तिथूनच थेट चंद्रावर जातं, माणूस खराखुरा चंद्रावर उतरण्याआधी कितीतरी वर्षं. १९५६ च्या पुस्तकात टिनटिन बोर्डुरियात पोचतो. तिथं मार्शल कर्व्ही-टॅशचं राज्य. हे इंग्रजीतलं नाव, अर्थ ‘वळणदार मिशी’. पुतळ्याला मिशी, मोटारीला मिशी, शब्दांतल्या ‘ओ’च्या डोक्यावरही मिशीसारखं चिन्ह! स्टालिन १९५३ मध्ये वारला होता, पण त्याची मिशी कुणी विसरलं नव्हतं. आणि या वेळी प्रोफेसर कॅल्क्युलसना पळवायला बोर्डुरियाबरोबर आपला लाडका सिल्दाव्हियाही टपलेला असतो. मला तर ते वाचून धक्काच बसला होता.

आता ॲटलास मिटण्याआधी एकदा दुब्रोव्हनिकच्या थोडं खाली बघा. मॉन्टेनेग्रो. स्थानिक नाव त्स्रना गोरा, म्हणजे काळा डोंगर. हा स्लाव्ह देश खरा आहे. डोंगर, समुद्र, आणि १९१० पासून स्वतःचा राजासुद्धा. पहिल्या महायुद्धात राजा निकोला देश सोडून गेला, १९१८ मध्ये देश सर्बियात विलीन झाला आणि नकाशावरून पुसला गेला. राजा परत आलाच नाही, १९२१ मध्ये फ्रान्समध्ये वारला. पुढे २१ मे २००६ रोजी लोकांना विचारलं गेलं : वेगळं व्हायचं का? ‘हो’ला ५५ टक्के मतं लागणार होती. मिळाली साडेपंचावन्न. जूनमध्ये ८८ वर्षांनी तो देश नकाशावर परत आला, या वेळी राजाशिवाय, प्रजासत्ताक म्हणून. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली ६ लाख २० हजार. सिल्दाव्हियाची किती होती, आठवतंय?