कढीपत्त्याचा हिवाळा

विठ्ठलवाडीत कढीपत्त्याला कुणी जपत नाही. चाळीमागे मोरीच्या सांडपाण्यावर तो आपला वाढतो. तेल तापलं की हात लांबवायचा आणि डहाळी ओरबाडायची. बुंध्याभोवती पिलं इतकी फुटतात की उपटून टाकावी लागतात. आमची थंडी ती केवढी! बदलापुरात पारा बाराच्या आसपास आला तरी बातमी होते. पण तेवढ्या गारव्यातही हे झाड पिवळं पडतं, पानं टाकतं, पालवी थांबवतं.

मग न्यू जर्सीच्या बर्फात त्याचं काय होत असेल? माझी लेक तिथे, एडिसनला असते. इथून रोप सोडाच, ताजी पानंही अमेरिकेत नेऊ देत नाहीत. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. संत्र्याच्या बागा मारणारा रोग पसरवणारी कीड त्याच्यावरही पोसते. म्हणून तिने तिथलंच वीतभर रोप विकत घेतलं.

रात्री दहा अंशांकडे झुकू लागल्या की कुंडी घरात येते. त्याआधी पान न् पान उलटून खवले कीड, लाल कोळी पुसून काढायचे, कारण बंद घरात ना पाऊस ना वारा, त्यांचंच राज्य. जागा दक्षिणेच्या खिडकीत, हीटरच्या झोतापासून लांब.

डिसेंबरात तिने व्हिडिओ कॉलवर कुंडी दाखवली. नुसत्या काड्या! "पाणी?" मी विचारलं. "दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच घोटभर. पानंच नाहीत आई, मुळं पाणी पितील कुठून? कुजतील. खत तर नाहीच." मग तिने नखाने साल जराशी खरवडली. आत ओलं, पोपटी हिरवं. झाड मेलं नव्हतं, निजलं होतं.

माया म्हणजे ताटात वाढत राहणं, हेच आम्ही शिकलो. निजलेल्याला न उठवण्यातही तेवढीच माया लागते, आणि ती जास्त अवघड असते.

तुळस लेकीकडे हिवाळा काढत नाही. मंजिऱ्या वाळवून लेक बी ठेवते, मार्चअखेर खिडकीत पेरते. अळूचा पाला थंडीने काळवंडला की कंद खणून, सुकवून बेसमेंटमध्ये. मे उजाडल्यावर, गारठ्याची भीती सरली की कढीपत्ता बाहेर, तोही आधी काही दिवस सावलीत. एकदम उन्हात ठेवला तर कोवळी पानं भाजतात.

ज्यांची मुलं थंड मुलखात आहेत, त्यांना एवढंच सांगते: फोनवर काड्या दिसल्या तर रोप टाकून द्यायला सांगू नका. साल खरवडून बघायला सांगा, आणि मेपर्यंत थांबा.