हल्याळच्या रानातली कवंदी

मिरजेहून हुबळीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की बेळगाव, खानापूर, लोंढा ही स्टेशने मागे पडतात आणि लोंढ्याच्या आसपास झाडी दाट होते. अळणावरला उतरून बस धरली की थोड्याच वेळात हल्याळ. हे गाव कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातले, पण बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. पाट्या कन्नडमध्ये, भाव मराठीत आणि मशिदीजवळच्या चहाच्या टपरीवर गप्पा दख्खनीत. आम्ही तिघी, म्हणजे आम्ही दोघी बहिणी आणि आमची फुफू, थंडी पडू लागल्यावर भाताच्या कापणीच्या सुमारास तिकडे गेलो. सिद्दी बायकांच्या हातची कवंदी बघायची होती. फुफूच्या हातात एक गाठोडेही होते, त्याबद्दल पुढे सांगू.

सिद्दी म्हटले की आपल्याला मुरुडचा जंजिरा आठवतो, नाहीतर मलिक अंबर. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर होऊन मोगलांना वर्षानुवर्षे दख्खनमध्ये रोखून धरणारा. १६२६ मध्ये तो वारला. औरंगाबादच्या जुन्या नहरीचे श्रेय आजही त्यालाच दिले जाते. ही झाली तख्ताजवळची माणसे. हल्याळ, मुंडगोड, यल्लापूर या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दींच्या नशिबी तख्त नव्हते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात भरून गोव्यात आणलेले गुलाम, दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत आणि चाकरीत असलेले हबशी, यांतले जे सुटले किंवा पळाले ते घाट चढून या रानात आले आणि इथेच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, नाहीतर रानातले काम. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यात मुस्लिम आहेत, हिंदू आहेत, ख्रिश्चनही आहेत. घरात कोकणी, तीही मराठी आणि कन्नड मिसळलेली. मुस्लिम घरांत दख्खनीही चालते. त्यामुळे बोलायला आम्हाला दुभाषा लागला नाही.

हल्याळच्या एका शिक्षिकाबाईंच्या ओळखीने आम्ही तालुक्यातल्या एका सिद्दी वाडीत पोचलो. मातीच्या भिंती, वर कौले, अंगणात सारवलेले खळे, पलीकडे कापलेले भात. आणि कुंपणावर उन्हात टाकलेली कवंदी. लांबून कुणी रंगांच्या विटा रचून ठेवल्यासारखी दिसत होती. लाल, हिरवा, गुलाबी, शाळेच्या गणवेशाचा निळा, लुंगीच्या चौकटी, साडीची जरीची किनार. जवळ गेल्यावर दिसते ते पांढऱ्या दोऱ्याचे. बोटभर अंतर सोडून एकामागे एक धावत गेलेल्या टाक्यांच्या ओळी. कवंदीला हात लावला की त्या ओळी बोटांना उंचवट्यासारख्या लागतात.

सलाम झाला, चहा झाला. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना आम्ही खाला म्हणू लागलो, त्यांनीही तो शब्द आनंदाने घेतला.

गोधडी काही आपल्याला नवी नाही. देशावर वाकळ म्हणतात, बाळाचे ते दुपटे, उत्तर कर्नाटकात कौदी. आमच्या घरीही दोन-तीन वाकळा होत्या. पण आपली वाकळ आणि सिद्दींची कवंदी यांत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे बहुधा जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरतात, आत जुने कपडे पसरतात, वर चांगले लुगडे घालतात आणि मग सगळे मिळून दोरे भरतात. ठिगळांची नक्षी असलीच तर ती आधी जोडून घेतलेली. कवंदीत तसे नाही. खाली एक जुनी सुती साडी पसरायची. मग एका कोपऱ्यात बसायचे. पहिला तुकडा घ्यायचा, त्याची बाहेरची कड आत दुमडायची, साडीची कडही दुमडायची आणि धावदोऱ्याने टाचत निघायचे. तो तुकडा संपला की दुसरा. दुसऱ्याची कड दुमडून पहिल्याच्या उघड्या कडेवर ठेवायची, म्हणजे पहिल्याचे सुटलेले धागे त्याखाली झाकले जातात. असे करत चारही कडांनी फिरायचे. एक फेरा पुरा झाला की आतला फेरा, मग त्याच्या आतला. तुकडा लावणे आणि दोरे भरणे ही दोन कामे इथे वेगळी नाहीत, एकाच सुईने ती बरोबरच होतात. फेरे लहान लहान होत शेवटी मधोमध एक चौकोन उरतो आणि तोही बुजतो.

खडू नाही, पट्टी नाही, कागदावर काढलेला नमुना नाही. फुफू शिवणकामात मुरलेली. तिने विचारले, "मग रंग कसे ठरवता?" खालांना प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाताला लागेल तो घेते. दोन लाल शेजारी आले तर मधे दुसरा घालते." एवढेच. पण त्या शिवत असताना आम्ही बघत होतो. त्या तुकडा उचलत, लावून बघत, ठेवून देत, दुसरा घेत. कधी मोठ्या तुकड्यावर टिकलीएवढा भडक रंगाचा तुकडा वरून टाचत. त्याची तिथे काही गरज नव्हती, कापड फाटलेलेही नव्हते. तो फक्त शोभेसाठी. हाताला लागेल तो घेते, या बोलण्यावर आम्ही फारसा विश्वास ठेवला नाही.

चारही कोपऱ्यांवर 'फुले' येतात. कापडाचे लहान चौकोन घडी घालून त्रिकोणी करायचे आणि एकात एक बसवून कोपऱ्यावर शिवायचे. ती बाहेर डोकावतात, एखाद्या कळीसारखी. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी, असे सिद्दी बायका मानतात. ख्रिश्चन बायकांच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुस्लिम बायकांच्या कवंदीत कधी चंद्रकोर. ज्या घरात आम्ही होतो तिथल्या एका लहान कवंदीवर एका कडेला हिरवी कोर होती. ती बाळासाठी शिवलेली. बाळाची लहान, एकदोघांसाठी मध्यम आणि सगळे कुटुंब एकत्र निजेल अशी मोठी, अशी मापे ठरतात ती झोपणाऱ्यांच्या संख्येवर. रानात थंडी चांगली पडते, आम्ही तिथे पहाटे फजरला उठलो तेव्हा वजूचे पाणी बोटांना चावत होते.

आता फुफूच्या गाठोड्याची गोष्ट.

आमच्या दादीचा इंतकाल होऊन दीड वर्ष झाले होते. तिचे चांगले कपडे त्याच वेळी गरजूंना दिले. उरले ते असे, की कुणाला देता येऊ नयेत: मऊ पडलेल्या सुती साड्या, कोपराला विरलेले ब्लाउज, नमाजची एक जुनी ओढणी, मुठीएवढे उरलेले तुकडे. अम्मीचे म्हणणे होते की ते घरात ठेवून काय करायचे, पोछ्याला वापरा. फुफूला ते सहन होईना. दादी स्वतः ठिगळ लावण्यात कधी लाजली नाही. पैगंबर (स.) आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः दुरुस्त करत, ही हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस ती आम्हाला सुई ओवून देताना सांगायची. तर फुफूच्या मनात होते की खालांना पैसे देऊन या कपड्यांची एक कवंदी करून घ्यावी.

खालांनी गाठोडे सोडले आणि आधी काहीच न बोलता कपडे निवडू लागल्या. प्रत्येक कापड दोन बोटांत चोळायच्या. सुती एका बाजूला, टेरिकॉट आणि नायलॉन दुसऱ्या बाजूला. "सूती होना. ये नको," असे म्हणत चकाकणारा एक ब्लाउज त्यांनी लांब सरकवला. (दख्खनीतला हा 'नको' आपल्या मराठीचाच, ऐकून बरे वाटले.) कारण विचारले तर म्हणाल्या, असले कापड सुईवर सरकते, टाका धरत नाही, अंगाला गरमही करत नाही, नुसते चिकटते. आणि हल्ली जुने कापड म्हणून येते ते असलेच. साड्या सिंथेटिक, मुलांचे कपडे सिंथेटिक. सुती साडी मिळाली तर ती कवंदीच्या पाठीला राखून ठेवतात. पोरी शिवायला शिकत नाहीत म्हणून कला मरते असे आपण पटकन म्हणून टाकतो. इथे आम्हाला तर कापडच संपत चाललेले दिसले.

निवडून झाल्यावर खालांनी सांगितले की त्या हे शिवणार नाहीत. फुफूचा चेहरा उतरला. "पैसे हवे तेवढे सांगा," ती म्हणाली. खाला हसल्या. तुझ्या आईचे कपडे, मी शिवले तर ते कापड होईल, तू शिवलेस तर तिची कवंदी होईल, अशा अर्थाचे काहीतरी त्या कोकणीत म्हणाल्या आणि सुई फुफूच्या हातात दिली. दोन दिवस आम्ही तिघी त्या ओसरीवर बसलो. पहिला कोपरा खालांनी चार वेळा उसवायला लावला. टाके लांब पडले की त्या टाक्यावर फक्त बोट ठेवायच्या, बोलायच्या नाहीत.

आम्हाला विकत घ्यायलाही एक कवंदी हवी होती. नातवंडांच्या अंगावरची त्यांनी दिली नाही. शेजारच्या घरातून एक आणली. तिथे पैशाचा विषय निघाला आणि आमच्यातल्या एकीने बाजारातल्या सवयीने "कमी करा" म्हटले. फुफूने तिथेच हिशोब मांडला. घरचे, शेतावरचे काम सांभाळून अशी मध्यम कवंदी शिवायला महिना सहज जातो. त्यातले हातात सुई असलेले दिवस मोजले आणि भातकापणीच्या एका दिवसाच्या मजुरीने गुणले, तर मागितलेली किंमत त्याच्या निम्म्यावरही जात नव्हती. कापडाची किंमत तर कुणी धरलेलीच नव्हती, कारण ते जुने. आम्ही मागितले तेवढे दिले, वर पाठीसाठी म्हणून दोन नव्या सुती साड्यांचे पैसेही ठेवले.

हा हिशोब इथे मुद्दाम लिहिला आहे, कारण कवंदी आता या रानापुरती राहिलेली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांनी सिद्दींवर काम करताना या कवंद्या पाहिल्या. २००४ मध्ये सिद्दी बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली ती त्यांच्या मदतीने. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. तिथल्या लोकांना त्या बघून आपल्याकडच्या गीज बेंडची आठवण झाली. अलाबामा राज्यातली ही एक वस्ती, गुलामीतून आलेल्या काळ्या कुटुंबांची. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात आणि २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या होत्या. आता तर परदेशातल्या छंद म्हणून शिवणाऱ्या बायका या पद्धतीला 'कवंदी' याच नावाने ओळखतात, कडेपासून मध्याकडे शिवत जातात, कोपऱ्यांना फुलेही लावतात. याचे आम्हाला वाईट वाटले नाही, उलट आवडले. फक्त त्यांच्याकडे नवे कापड दुकानातून येते, मुद्दाम कापून. आणि कवंदी शिवणाऱ्या सगळ्याच बायकांना ते नाव कुठून आले हे माहीत असेल, असे नाही.

आपल्या घरांत छंद म्हणून हे करायचे असेल तर फारसे काही लागत नाही. आम्हाला तिथे जे दिसले ते असे. नवे कापड वापरायचे असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन मऊ करावे, नाहीतर पुढे आटते आणि कवंदी चुरगळते. सुरुवात बाळाच्या मापाने करावी, मोठी अर्ध्यावर राहते. दोरा जाड सुती, सुई लांब. जमिनीवर बसूनच शिवावे, टेबलावर खालची साडी सरकते. आणि तुकडे आधी कापून ठेवू नयेत. पुढची जागा केवढी उरते ते शिवताना कळते, तुकडा त्या मापाने घ्यायचा.

परतताना अळणावरला गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर फुफूने पिशवीतून कापड काढले आणि दुसरा फेरा सुरू केला. शेजारी बसलेल्या एका लिंगायत आजींनी कानडीत काहीतरी विचारले. आम्हाला कळले फक्त 'कौदी'. फुफूने मान हलवली. आजींनी हात पुढे करून टाके बघितले, मग एका जागी बोट ठेवले. तिथे टाका खरेच लांब पडला होता. फुफूने तो उसवला.

आता घरी ते काम रोज थोडे थोडे चालते. अम्मी आधी बघत नव्हती, हल्ली ईशानंतर तिच्याही हातात सुई असते. चार फेरे झाले आहेत. नमाजची ओढणी कुठे लावायची यावर दोघींचे अजून एकमत नाही.